बांधाखालची हिरवळ

आत्यांनी तरंगत्या नारंगी गोळ्यांची दोरी धक्क्याच्या खांबाला करकचून बांधली, ओढून पाहिली आणि मगच मागे वळल्या. बांधावरून त्यांचा भाचा मान खाली घालून, पाऊल मोजल्यासारखा चालत येत होता.

"काय साहेब, सापडलं का काही? की उगाच गवत तुडवताय?"

तळ्याकाठच्या सगळ्याच पोरांच्या त्या आत्या होत्या. सख्खा भाचा मात्र हा एकच, आणि तो धरणं तपासणारा इंजिनिअर. तळं तसं लहानसंच, नाव वल्हवायला आणि पोहायला मातीचा बांध घालून केलेलं. बांधाच्या पायथ्याशी हिरवळ आणि बाकं; त्यापलीकडे घरांची ओळ आणि एक बालवाडी. सोमवारपासून आत्यांचा पोहण्याचा वर्ग सुरू व्हायचा होता. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यातच जमा होतं. हा वर्ग शेवटचा, असं त्यांनी घरी कबूल करून टाकलं होतं, आणि म्हणूनच तो त्यांना मनासारखा घ्यायचा होता.

"वरून सगळं ठीक दिसतंय," भाचा म्हणाला. "जादा पाणी वाहून जायचा सांडवाही मोकळा आहे. आता खाली उतरून बघतो. तू बस इथेच, तुझे गुडघे..."

"बांध तपासायला आलायस की माझे गुडघे?"

आत्या त्याच्या मागोमाग उतरल्याच. खाली माळीकाका वाटच पाहत होते. पाहुण्याला घर दाखवावं तसा त्यांनी हात फिरवला.

"ही हिरवळ बघा साहेब. ऐन उन्हाळ्यातसुद्धा अशीच असते. बागांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आहे आपल्याला."

"पाणी कोण घालतं?"

"कोणीच नाही! तीच तर गंमत आहे."

भाचा हसला नाही. त्याने खाली बसून गवतावर तळवा दाबला, तसं बोटांभोवती पाणी वर आलं. उतार संपतो तिथे गवतातून एक बारीक धार निघत होती. माळीकाकांनी तिच्याभोवती हौसेने गोल दगड मांडले होते. पोरं तिथे कागदाच्या होड्या सोडायची. इतक्या वर्षांत त्या धारेला सगळ्यांनी झरा म्हटलं होतं. ती येते कुठून, हे कोणी विचारलं नव्हतं.

"मातीचा बांध थोडाफार पाझरतोच," भाचा आत्यांना म्हणाला. "पाणी नितळ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. पण ते माती घेऊन येत असेल, तर बांध आतून पोखरला जातोय."

"आणि मग?"

"मग तळ्याचं पाणी उतरवायचं. धक्क्याच्या बरंच खाली. लगेच."

धक्क्याच्या खाली म्हणजे नुसता चिखल. सोमवारचा वर्ग गेलाच.

त्याने धारेखाली काचेची बरणी धरली, भरून बाकावर ठेवली. "हलवू नकोस, बसू दे जरा," म्हणून तो बांधाच्या टोकाला तळ्याचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह पाहायला गेला.

"आत्या, हे माझी हिरवळ खणणार की काय?" माळीकाकांनी हळूच विचारलं.

"अजून कशात काही नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नका."

बरणीतलं पाणी वरून निवळत गेलं. तळाशी तांबूस मातीचा पापुद्रा जमला. आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बरणी उचलली आणि चांगली खळखळून हलवली. सगळं गढूळ झालं. त्या थांबल्या. माती पुन्हा खाली बसली, तेवढीच, बांधाच्याच रंगाची. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने काच बाहेरून पुसून पाहिली.

भाचा परत आला. बरणीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याची नजर वर, धक्क्याकडे गेली.

"भरताना मीच ढवळलं असेन कदाचित," तो म्हणाला. "वरवरची मातीही असू शकते. असं करू, तू वर्ग घे. मी पंधरा दिवसांनी येऊन पुन्हा बघतो. तोवर काही होत नाही."

माळीकाकांचा चेहरा खुलला. आत्यांनी मात्र हा आवाज पुष्कळदा ऐकला होता. धक्क्याच्या कडेला उभं राहून, पायाची बोटं फळीत रुतवून पोरं याच आवाजात म्हणतात, मी नाही घाबरत. अशा वेळी पोराला ढकलायचं नसतं, धरायचंही नसतं. नुसतं शेजारी उभं राहायचं असतं. त्या उठून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"परक्या गावचं तळं असतं, मी इथे नसते, तर काय म्हणाला असतास?"

भिंतीपलीकडून बालवाडीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"आत्या, तुझा शेवटचा वर्ग आहे हा."

"ते नाही विचारलं मी."

त्याने बरणीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "भीती वाटली असती मला."

"मग आत्ता कोणासमोर धीट होतोयस?"

झाकण घट्ट करून त्याने बरणी पिशवीत ठेवली आणि बांधाच्या टोकाकडे निघाला.

व्हॉल्व्हचं चाक गंजून बसलं होतं. त्याने अंगातलं सगळं बळ लावलं, तरी ते ढिम्म हलेना. आत्या बांध चढून पोचल्या तेव्हा त्याचे तळहात लाल झाले होते.

"माळीकाकांना हाक मार ना."

"ते बालवाडीच्या बाईंना सांगायला गेलेत, मुलांना घरी पाठवा म्हणून. सरक तिकडे."

"अगं, तुझे गुडघे..."

"सरक म्हटलं ना." त्यांनी पदर खोचला आणि लोखंडावर हात ठेवले. "कुठल्या बाजूला?"

"तुझ्याकडे ओढ. मी इकडून ढकलतो."

आधी काहीच झालं नाही. मग चाक कण्हल्यासारखं करकरलं, बोटभर सरकलं, आणि पायाखालच्या पाइपात पाणी घुमायला लागलं. भाच्याने हात सैल सोडून त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबायचं नाही आता," आत्या धापा टाकत म्हणाल्या आणि त्यांनी चाक पुन्हा घट्ट धरलं.