सेंट जॉनच्या दिवशीचं बंड

बंडासाठी दिवस निवडावा तर कुठला? सेंट जॉनच्या सणाचा. त्या दिवशी लंडनमध्ये सकाळपासून घंटा वाजत असतात, गल्लोगल्ली जाळ पेटतात, आणि दुपारनंतर सरळ चालणारा पुरुष शोधून सापडत नाही. आणि आमच्या शहाण्यांनी इशारा ठरवला तो घंटेचाच.

"पहिली घंटा मी वाजवणार," माझा नवरा लिओफविन छाती फुगवून म्हणाला. तो आमच्या चर्चचा घंटेवाला. "ती ऐकली की अख्खं शहर हत्यारं घेऊन बाहेर पडेल. ती बाई राजवाड्यात जेवायला बसलेली असेल. भरल्या ताटावरून उठवायची तिला."

ती बाई म्हणजे मेलेल्या राजाची लेक. माझ्यामागे हीच, अशा शपथा राजाने सगळ्या सरदारांकडून घेतल्या होत्या. तो मेला आणि मुकुट घातला त्याच्या भाच्याने. तेव्हापासून नुसत्या मारामाऱ्या. आता भाचा कैदेत, आणि लेक राज्याभिषेकाला आलेली. आल्या आल्या तिने शहराकडे पैसे मागितले, म्हणून हे सगळे भाच्याचे झाले. मी बिअर विकते. दोघांच्याही शिपायांनी माझी पिंपं फुकट रिकामी केलीत. मला दोघेही सारखेच.

"अरे, सणाच्या गलक्यात तुझी घंटा वेगळी कशी कळणार?"

"आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय."

"बसून की पिऊन?"

"एडिल्ड, तुला राजकारणातलं काय कळतं?"

दुपारी त्याने जीव तोडून घंटा बडवली. मागोमाग दुसऱ्या चर्चची वाजली, मग तिसऱ्या. लोक खूश झाले आणि भांडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. एकाच्याही हातात साधा कोयता नव्हता. कटातला ब्रिटमार चांभार तर जाळाभोवती नाचत होता. राजवाड्यात ती बाई शांतपणे जेवून उठली.

ऊन उतरायच्या आत राजवाड्यातला एक सरदार शिपाई घेऊन दारात आला.

"आज दुपारी पहिली घंटा कुणी वाजवली?"

घरात बसायचं सोडून आमचा वीर पुढे झाला. "मी. आणि का वाजवली तेही ऐका—"

हातात वाम मासा भरलेला गरम पाव होता, तो मी त्याच्या तोंडात कोंबला.

"राणीसाहेबांसाठी, सरकार. त्या जेवायला बसल्या, याला आनंद आवरेना."

सरदार हसला. "त्यांनीही तसंच म्हटलं. राज्याभिषेकालाही यानेच वाजवायची, आणि दर सेंट जॉनला."

तिला मुकुट चढला. घंटा लिओफविनने वाजवली, आणि घरी येऊन माझ्याशी अबोला धरला. पुष्कळ दिवसांनी बोलला ते हे: "फासावर गेलो असतो तर लोकांनी नाव तरी काढलं असतं."

"काढलं असतं की. आणि मी काय केलं असतं?"

मला राजा नको होता, राणीही नको होती. मला हा मूर्ख हवा होता, जिवंत. पण हे त्याला कोण सांगणार, आधीच डोक्यावर चढलेला आहे.

दर सेंट जॉनला तो दोर ओढायला आत जातो, आणि मी बिअरचं गिऱ्हाईक सोडून चर्चच्या दाराशी उभी राहते, तो बाहेर येईपर्यंत. न जाणो, पुन्हा एखादं शौर्य सुचायचं.