माझ्या अक्षरातला पेपर

आमच्या शाळेत खोडरबराला बंदी आहे. चूक झाली की तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. चूक दिसली पाहिजे, हा नियम माझ्या आईचा. शाळाही तिनेच काढली, बंद पडलेल्या मोटार गॅरेजमध्ये. फरशीवरचे तेलाचे डाग तीन वर्षं घासूनही जात नाहीत, आणि गाडीखाली शिरायच्या खड्ड्यात आमची पुस्तकं आहेत. परीक्षा नाही, मार्क नाहीत, मुलं तेवीस. शाळेत मीसुद्धा आईला ‘ताई’ म्हणते. घरी जेवताना चुकून “ताई, मीठ दे” निघालं की बाबा विचारतात, “मग मी कोण? काका?”

आधीच्या शाळेत कुणी नाव विचारलं तरी माझा घसा कोरडा पडायचा. इथे माझं तोंड असं काही सुटतं की आमच्या वर्गातला काडीसारखा ‘पहिलवान’ म्हणतो, “हिचं बंद करायचं बटण कुठंय?”

मार्चमध्ये शिक्षण खात्याचं पत्र आलं. तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका दाखवा, तरच मान्यता. नाहीतर जूनपासून शाळेला कुलूप. ताईने सगळ्यांना गोल बसवलं.

“पेपर आत्ता लिहू. तारखा जुन्या घालू,” ती म्हणाली. “अक्षर जरा कच्चं काढा. थोड्या चुकाही करा.”

“किती?” पहिलवानाने विचारलं.

“तुला मुद्दाम नाही कराव्या लागणार,” मी म्हटलं. सगळे फिदीफिदी हसले. ताई हसली नाही.

मग मी उभीच राहिले. “पण हे खोटं आहे ना, ताई?”

“आहे. हात वर करा.”

आमच्याकडे सगळं असंच ठरतं. बावीस हात वर गेले. त्यांना शाळा हवी होती. मलाही हवी होती, चूक न लपवणारी, म्हणूनच माझा हात वर जाईना.

“मी नाही लिहिणार.”

“नको लिहूस. इथे जबरदस्ती नसते,” ताई म्हणाली. चार दिवस माझी मान अशी ताठ, की विचारू नका.

तपासणीचे साहेब आले. शाळा दाखवायचं काम माझ्याकडे होतं. खड्ड्यापासून छपरापर्यंत मी धडाधड दाखवली. मग ते गठ्ठा उलटत बसले. एका पेपरावरचं नाव वाचून त्यांनी मान वर केली. माझं नाव.

पाचवीचा गणिताचा पेपर होता, माझ्या अक्षरातला, पण मी न लिहिलेला. प्रत्येक बेरजेत हातचा विसरलेला. आठचा आकडा खालून वर काढलेला. कोपऱ्यात वेणीवाली मुलगी. घाबरले की मी ती काढायचे. जुन्या शाळेतले असले पेपर मी दप्तराच्या तळाशी कोंबून ठेवायचे. आई ते काढून वाचत असणार. माझी एकेक चूक तिला पाठ होती. फक्त एका आठपाशी कागद घासून पातळ झाला होता. खोडरबराने.

“हा तुझाच ना?”

मागे बावीस जण उभे होते. आई टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

जुनी मी असते तर घसा कोरडा पडला असता. एक शब्द फुटला नसता, आणि ते गप्प राहणंच खरं ठरलं असतं. पण मला आता बोलता येतं.

“हो साहेब, माझाच,” मी म्हणाले. अगदी खणखणीत.

“तेव्हा हातचा कळत नव्हता, आणि आता बघा कशी बोलते!” साहेब खूश होऊन ताईला म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

ते गेल्यावर नुसता गोंधळ. पहिलवानाने खड्ड्यात उडी मारली. ताईने मला मिठी मारली. मी माझे हात खालीच ठेवले.

संध्याकाळी जेवताना आईने मीठ मागितलं. मी बरणी पुढे सरकवली.

“घ्या, ताई.”

या वेळी बाबा काहीच बोलले नाहीत.