बासष्ट टक्के

आमच्या मास्तरांनी माझ्या हृदयाला पहिल्या वर्गात पास केलं आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त झालेत, पण डोक्यातलं लाल पेन काही खाली ठेवलेलं नाही. जावयालासुद्धा मनातल्या मनात मार्क देतात. खाली माझं इस्त्रीचं दुकान आहे, वर घर. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. दिवसभर उभ्याचं काम.

गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. लेकीने तपासणीला नेलं, मास्तरही आले. छातीवर गार जेली लावली आणि पडद्यावर माझं हृदय दिसलं, कसं बिचारं फडफडत होतं. तपासणारा म्हणाला, "डावीकडची झडप बरीच गळतेय. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." मास्तरांनी विचारलं, "पण हृदयाचं काम कसं आहे?" तो म्हणाला, "एका ठोक्याला बासष्ट टक्के रक्त बाहेर टाकतंय."

झालं! मास्तरांचा चेहरा खुलला. "साठच्या वर? म्हणजे पहिला वर्ग!" गळक्या झडपेचं कोणी ऐकलं? पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरांकडे जाणं 'पुढच्या महिन्यात बघू'वर गेलं आणि तिथेच राहिलं. लेक फोनवर विचारायची, तर हे मधेच ओरडायचे, "आईला काही झालेलं नाही, अभ्यासात हुशार आहे तिचं हृदय!"

मग सगळ्या गावाला बासष्ट टक्के पाठ झाले. गिऱ्हाईक आलं की सांगणार, नणंद आली की सांगणार. नणंद म्हणाली, "वहिनी, नशीबवान गं तू. आमच्याकडे बघ, एक अवयव धड नाही." मी जरा टेकले की हे जिन्यातून डोकावायचे. "अगं, बासष्ट टक्क्यांची बाई तू, बसतेस कसली?" थट्टाच करायचे, वाईट मनात नव्हतं. पण रोजची थट्टा अंगाला लागते हो. रात्री आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून उशांवर उशा रचून बसल्या-बसल्या झोपायचे. सकाळी उठले की वाटायचं, अजून झोपलेच नाही. आणि लाज वाटायची. मला वाटलं, मी आळशी झालेय. हृदय पहिल्या वर्गात आणि बाई ढ.

परवा चादरींच्या गठ्ठ्यावर क्षणभर टेकले आणि डोळा लागला. इस्त्री चादरीवर तशीच. जळका वास वरपर्यंत गेला. मास्तर धावत खाली आले. "लक्ष कुठंय तुझं? दुकान पेटवतेस का?" मला उत्तर द्यायलाही श्वास पुरेना. नेमकी तेव्हाच लेक आली होती. तिने एकदा माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीण बाई लेकीच्याच वयाच्या. पुन्हा जेली, पुन्हा पडदा. "सत्तावन्न," त्या म्हणाल्या.

मास्तर हळूच म्हणाले, "पाच मार्कांनी घसरली. वयही झालंय म्हणा."

"काका, हे मार्क नाहीत," बाई म्हणाल्या. "हृदय दाबलं जातं तेव्हा सगळं रक्त पुढे शरीरात जायला हवं. यांची झडप मिटतच नाही. त्यामुळे जवळजवळ निम्मं रक्त उलटं फुप्फुसांकडे जातं. आपला आकडा फक्त बाहेर किती पडलं ते सांगतो. कुठे गेलं ते सांगत नाही."

मला चटकन कळलं. "म्हणजे इस्त्री केलेल्या निम्म्या चादरी चुरगळून परत माझ्याच टेबलावर."

"अगदी तसंच. आणि पुढच्या ठोक्याला त्या जुन्याही करायच्या, नव्याही करायच्या. हृदय ताणून ताणून मोठं होतं. इतक्या गळतीत आकडा साठच्या वर असला तरी हृदयाची दुप्पट धावपळ चालू असते. साठच्या खाली आला, की समजायचं स्नायू थकला."

मास्तरांचे ओठ हलत होते. गणित करत होते. "बासष्टचे निम्मे... एकतीस," ते पुटपुटले. "एकतीस म्हणजे तर नापास."

मला रडू आलं. भीतीने नाही. मी आळशी नव्हते! वर्षभर निम्म्या रक्तावर चादरी ओढत होते. लेकीने माझा हात घट्ट धरला.

बाई म्हणाल्या, याच महिन्यात ऑपरेशन करून झडप शिवायची. "एक आधीच सांगते. गळती बंद झाली की आकडा आणखी उतरेल. पन्नासच्याही खाली जाऊ शकतो. घाबरायचं नाही, उलटं जाणारं रक्त त्यात धरलेलं नसेल, म्हणून तो खरा आकडा असेल."

"उतरणार?" मास्तर म्हणाले. "मग करायचं कशाला?"

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, चुलीत घाला ते टक्के! मला आडवं होऊन झोपायचंय! एक रात्र, माणसासारखं!"

एवढं बोलून मला धाप लागली. मग मास्तरांनी मान खाली घालून विचारलं, "गेल्या वर्षीच आणलं असतं तर?"

बाईंनी सांगितलं, "तेव्हा स्नायू चांगला होता. बहुतेक पूर्ण सावरला असता. आता झडप नीट होईल, धापही कमी होईल. पण स्नायू किती भरून येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

मास्तर रडायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघत होती, आई आता समजूत घालेल म्हणून. तशी घालतेच मी. "जाऊ द्या हो" म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढं म्हणायलाही बळ लागतं, आणि जे उरलंय ते मला पुरवून वापरायचं होतं. मी तोंड मिटलं, डोळेही मिटले आणि त्यांना रडू दिलं.