कल्हई गेलेला थाळा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला खेळायचे आहे. पण घरच्यांनी तुम्हाला नवे कपडे घालून मैदानाच्या कडेला उभे केले आहे. येणारा-जाणारा म्हणतो, "किती छान दिसतोस!" आणि कपडे मळतील म्हणून खेळू मात्र कोणी देत नाही. जीव कसा चडफडेल? तसाच नुकताच माझा चडफडला.

मी एक जुना तांब्याचा थाळा आहे. पुण्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. आतून मला कथलाची पांढरी कल्हई होती. ती नसेल, तर माझ्यात ठेवलेले दही कळकते आणि खाणाऱ्याचे पोट बिघडते.

कामशेतला बद्रुद्दीनभाईंचे तांदळाचे दुकान आहे आणि मागेच घर. ईदला जेवणाचा दस्तरखान जमिनीवर अंथरला, की मध्ये मी आणि माझ्याभोवती चार-पाच जण. आंबेमोहोराचा पुलाव, कडेला कोशिंबीर. एका थाळ्यात जेवताना प्रत्येक जण आपल्या समोरचेच खातो. पण चांगला तुकडा मात्र हळूच शेजाऱ्यापुढे सरकवतो. ते सरकवणे मला फार आवडायचे.

पुढे त्यांचा मुलगा लोणावळ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्याच्या सामानाबरोबर मीही गेलो, आणि माळ्यावर पडलो. कल्हई काळवंडली. कोणी विचारले नाही.

गेल्या रविवारी तिथे दावत होती. सून अम्मारा नव्या टेबलासाठी थाळ्या निवडत होती. एक पानाच्या आकाराची, एक काळ्या दगडाची, एक मोर काढलेली.

"ही कशी वाटते?" तिने लेकीला विचारले.

"अम्मी, हिच्यात मोरच मावलाय. पुलाव कुठे ठेवणार?" आयरा म्हणाली.

मग अम्माराला माझी आठवण झाली. मी खाली आलो. केवढा आनंद झाला मला! पण तिने तारेची घासणी घेतली आणि माझी उरलीसुरली कल्हई खरवडून काढली. अरे, ती घाण नव्हती हो! पण थाळ्याला तोंड कुठे असते?

मी लालभडक चमकलो. ती माझ्यात दह्याची कोशिंबीर ओतणार, इतक्यात कामशेतहून आयराची दादी, म्हणजे अजीजुन्निसा, बद्रुद्दीनभाईंबरोबर दारात आल्या.

"अगं, थांब! याची कल्हई कुठं गेली?"

"काळी पुटं चढली होती, अम्मी. घासून काढली. बघा, कसा चमकतोय!"

"चमकतोय खरा! यात दही घाल, म्हणजे पाहुणे इथून थेट दवाखान्यात जातील."

"हाय अल्ला! मग फुलं ठेवते."

झाले! माझ्यात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या. पाहुण्यांनी माझे फोटो काढले. तिकडे पुलाव त्या चिमुकल्या थाळ्यांतून टेबलभर फिरत होता. प्रत्येक जण भिडेने चमचाभर घेई.

"अरे, पुलाव कुठवर आला?" टेबलाच्या टोकाहून बद्रुद्दीनभाईंनी विचारले. "की घाटातच अडकला?"

सगळे हसले. मला हसू आले नाही.

पाहुणे गेल्यावर दादी म्हणाल्या, "याला मी कामशेतला नेते. बाजारात कल्हईवाला येतो."

"राहू द्या, अम्मी. उद्या खिळा मारायला माणूस येतोय. भिंतीवर छान दिसेल."

"भिंत जेवते का गं?"

पण घर सुनेचे. आयरा एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघत राहिली.

मित्रांनो, वस्तू जपा म्हणजे नुसती चमकवा असे नव्हे. ती कशासाठी घडवली, हे घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. मला कौतुक नको. मला भात हवा, आणि त्याच्याभोवती हात हवेत.

सगळे चहाला बसले, तेव्हा आयराने माझ्यातल्या पाकळ्या आणि पाणी कुंडीत ओतले. ओढणीने मला कोरडे पुसले. तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घातले, आणि ओढत ओढत दारापाशी नेऊन दादींच्या चपलांवर ठेवले. मला उचलल्याशिवाय दादींना आता घरी जाता येणार नव्हते.