भिकूने जिंकवलेली अळंबी

पोलादपूरच्या वरच्या वाडीत यंदा निवडणूक झाली, ती केलडी आणि अळंबी यांच्यात. केलडी म्हणजे लाल तोंडाची बुटकी माकडं. अळंबी म्हणजे कुजक्या लाकडावर कानाच्या पाळीसारखी लोंबते ना, ती लिबलिबीत. महाडच्या कॉलेजातल्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या, "दोघांतलं एक निवडा. त्याला गावाचा मानकरी करू, पाटी लावू. मग त्याला कुणी हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही! हे भिकूला परवडणारं नव्हतं. केलड्यांनी छपराचे नळे, ती गोल कौलं, उचकटून त्याच्या घराची पार चाळण केली होती. पावसाळाभर पाणी आत. दिवाळीला पोरगा किशोर याच्यासाठी मुलीकडची माणसं घर बघायला येणार, आणि ही लालतोंडी मानकरी झाली तर गलोल उचलायचीही सोय नाही!

म्हणून जन्मात ग्रामसभेत तोंड न उघडलेला भिकू उठला. "अळंबी पावटा खाते का? दात विचकते का? पोरांच्या हातातली भाकर पळवते का? गरीब बिचारी, उगवते तिथं गप पडून ऱ्हाते. तिला जपा!"

हात वर झाले ते निम्मे-निम्मे. तेव्हा भिकूच हटून बसला, "देवीला कौल लावा. ती देईल त्यावर मग कुणी बोलायचं नाय." गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर अळंबी, डावी पडली तर केलडी. उजवी पडली. भिकूने तिथल्या तिथे नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी मॅडम अळंबी शोधत वाडीभर हिंडल्या, मागे अर्धी वाडी. देवराईत सगळी सुकलेली. शेवटी पाणी प्यायला भिकूच्या ओटीवर टेकल्या, मान वर केली आणि किंचाळल्याच. पाणी मुरून कुजलेल्या वाशांना अळंबीचे घडच्या घड लोंबत होते.

"काका, हे वासे बदलू नका हं! छपरालाही हात नको, ओल राहायला हवी."

"अवो मॅडम, दिवाळीला पाव्हणे..." भिकूला रडूच यायचं बाकी होतं.

"देवीचा कौल हाय," गुरव म्हणाला. "तूच मागितलास."

तेवढ्यात वर नळे खडखडले. भिकूने दात-ओठ खात गलोल काढली. बायकोने, चंद्रभागेने, त्याचा हात धरला.

"थांबा. केलडी भोकं पाडतात म्हणून हिला पाणी मिळतं. आता त्यांनाबी जपाया लागंल."