ओ न देणारा देव

पेंटरकाकांनी रंगवलेले डोळे माणसाची पाठ सोडत नसत. खोलीत कुठंही उभे राहा, चित्रातली देवी तुमच्याकडेच बघणार. त्यांचं कॅलेंडर भिंतीवर आलं आणि एका दुकानदारानं मापात पाप करणं सोडलं. एका घरातलं मांजर तर दूध चोरायचं थांबून रीतसर मागून पिऊ लागलं. खोटं वाटेल त्यानं मांजराला विचारावं.

कौतुक साऱ्या गावाला होतं, नव्हतं ते फक्त ताईला. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दोघांनी जन्म एका छपराखाली काढला, पण कुठल्याही चित्रापुढे उभी राहून ती एकच शब्द बोले, "बरंय." मरायच्या आत तिच्याकडून याहून मोठं काहीतरी ऐकायचं, असा सत्तरीतल्या काकांनी ध्यास घेतला होता.

अशात वाचनालयाच्या अध्यक्षांनी एका संत कवयित्रीचं चित्र सांगितलं. देवाला हाका मारण्यात हयात घालवलेली बाई. तिची पदं ताईच्या तोंडी दिवसभर असायची. काकांनी महिनाभर खपून देव रंगवला, शेजारी हात जोडलेली बाई रंगवली आणि ताईला बोलावलं.

"काय रे छोट्या, ही दोघं लग्नाच्या फोटोला उभी आहेत का?"

"का गं?"

"मग माझ्याकडे कशाला बघतेय ती? तिचं काम त्याच्याशी."

काकांनी बुबुळं देवाकडे वळवली. रंग वाळल्यावर बघतात तर बाई पुन्हा गिऱ्हाइकाकडे! हाताला वळणच तसं पडलेलं. सात वेळा पुसली, सात वेळा ती फिरली. शेवटी चिडून काकांनी दोघांनाही खरवडून काढलं आणि कोऱ्या कॅनव्हासपुढे बसून राहिले.

"जेवायला ये रे!" ताईची हाक आली. काका गप्प. ब्रश हातात असला की ओ द्यायची नाही, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. मग उलथनं घेऊन ताईच दारात उभी राहिली. नुसती बघत राहिली. नजरेत राग होता, दमणूक होती. पण तीन हाका वाया गेल्या तरी हा आत नसेल, अशी शंका औषधालाही नव्हती.

काकांनी आज चुकून मान वळवली होती. ही नजर रोज दारात येत होती, आणि आपण तिच्याकडे पाठ करून डोळे रंगवत होतो!

"ताई, अशीच थांब."

"जेवण गार होतंय."

"होऊ दे. हलू नकोस."

"मेल्या!" ताई म्हणाली, आणि नजर आणखी पक्की झाली.

चित्र न्यायला आलेले अध्यक्ष गोंधळलेच. दाराच्या चौकटीला हात टेकून उभी असलेली बाई चित्राबाहेर, डावीकडे बघत होती; या वेळी रंग वाळला तरी नजर फिरली नव्हती. अध्यक्षांनीही नकळत तिकडे बघून घेतलं.

"हात जोडलेले नाहीत. आणि रागावल्यात कुणावर? देव कुठाय?"

मागे उभी असलेली ताई पुढे आली. तिनं चित्राकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"आत आहे तो," ती अध्यक्षांना म्हणाली. "ओ देत नाही, एवढंच."

अध्यक्ष दबकून एक पाऊल मागे सरकले. काका "बरंय"ची वाट बघत उभे.

ताईनं जोरात नाक ओढलं. "सही कर की मेल्या, माझ्याकडे काय बघतोस?"