चुलीपाशी गायचं नाही

नवरा गेल्यापासून बारा वर्षं मी इथं थायलंडात, चियांग माईत परदेशी पोरांना स्वयंपाक शिकवतेय. परवा हानेके नावाची डच पोरगी आली. पाठीवर पोतंभर सामान, खिशात खडखडाट, म्हणून सगळ्यात स्वस्तातला अर्ध्या दिवसाचा वर्ग. हिरव्या मिरच्या कुटता कुटता बया मोठ्यानं गायला लागली.

"ए, तोंड मिट!" मी ओरडले. "चुलीपाशी गाणाऱ्या बाईला म्हातारा नवरा मिळतो!"

"किती म्हातारा?"

"दात पडलेला!"

"मग मिरच्या कमी कुटाव्या लागतील, बुआखाम मावशी!" म्हणत तिनं आवाज आणखी चढवला. बाकीच्यांनीही सूर धरला, उखळं दणाणली आणि हसता हसता मीही कधी गायला लागले ते कळलंच नाही. बाकीचे कधी गप्प झाले तेही कळलं नाही.

दारात नारळवाले इन्ता उभे होते. सत्तरीचे, विधुर, पुढचे दोन दात गायब.

"थांबू नका," ते म्हणाले. "अजून बरेच नारळ उतरवायचेत."

पोरं हसून हसून लोळली. पदार्थ करपतील म्हणून मी बोंबलले, सगळ्यांना कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी नारळ यायच्या वेळेला वर्गात कुणीच नव्हतं. मी उखळ पुढ्यात ओढलं, घसा खाकरला आणि चांगला वरचा सूर लावला.